दाराबाहेर मीच होते

भुतांवर विश्वास आहे का असं कुणी विचारलं की मी विषय बदलते.

पण हे घडलंय. त्या दिवशी त्या इमारतीत आम्ही पंधरा जण होतो, आणि ते गाणं पंधराही जणांनी ऐकलंय. त्यातल्या कुणालाही विचारा. फक्त माझ्या धाकट्या बहिणीला विचारू नका.

नऊ वर्षांपूर्वीचा हिवाळा. गुरुवार. दुपारी साडेतीनपासून संध्याकाळी पावणेसहापर्यंत.

रात्रसुद्धा नव्हती. लोक म्हणतात, असलं काही रात्रीच होतं.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, धाकटी पहिल्या. दोघीही कॉलेजच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये. आम्ही चौदा मुलंमुली आणि आमचे सर. तीन आठवड्यांचा परदेश दौरा ठरला होता, सहा गावांत सहा कार्यक्रम. निघताना आईने धाकटीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हिला एकटी सोडू नकोस गं. वेंधळी आहे."

धाकटी वेंधळी होतीच. पण गायला लागली की ती कुणी वेगळीच व्हायची. बाकीचे तेरा जण तिच्या आवाजाला टेकू द्यायला उभे आहेत असं वाटायचं.

त्या तेरांतली एक मी.

सरांनी स्वतः चाल लावलेलं एक संथ गाणं होतं. त्याच्या मधोमध सगळे गप्प होत आणि मिनिटभर एकटी धाकटी गायची. त्यात एक फार लांब ओळ होती. ती एका दमात म्हणायची, असं सरांनी शंभर वेळा सांगितलं होतं. तिला ते जमायचं नाही. दर वेळी एका शब्दाच्या बरोबर मध्ये ती चोरून श्वास घ्यायची. शब्दाचे दोन तुकडे व्हायचे. सर कपाळाला हात लावायचे, आम्ही खाली मान घालून हसायचो.

दोन गावं छान पार पडली. तिसऱ्या गावात पोचलो आणि धाकटीचा घसा बसला.

साधा बसला नाही. आतून सुजला. डॉक्टरने बजावलं, पाच दिवस एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही. सूज वाढली आणि श्वासाला त्रास व्हायला लागला, तर एक मिनिट न घालवता हॉस्पिटल गाठायचं.

ती खिशात छोटी वही ठेवायला लागली. काय हवं ते लिहून दाखवायची.

बुधवारी संध्याकाळी सरांनी तिची जागा मला दिली. मधलं मिनिटभर आता मी गाणार होते.

खोटं कशाला बोलू. मला आनंद झाला.

आणि तो माझ्या तोंडावर दिसला. धाकटीने पाहिला.

गुरुवारी दुपारी आम्ही त्या हॉलवर गेलो. दगडी इमारत. खाली रंगमंच आणि साडेतीनशे खुर्च्या. वरच्या मजल्यावर एक लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सरावाच्या आठ लहान खोल्या. प्रत्येक दाराला वहीच्या पानाएवढी काच. आत एक पियानो, एक स्टूल. बस्स. रंगमंचाच्या मागून एक जिना वर जात होता, आणि तोच जिना खाली तळघरात उतरत होता.

हॉल सांभाळणारी एक वयस्क बाई होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिला तुटकं इंग्रजी यायचं, आम्हालाही तेवढंच.

साडेतीन वाजता विंगमध्ये मी ती लांब ओळ घोकत होते. धाकटी समोर येऊन उभी राहिली. वही पुढे केली.

"तुला हेच हवं होतं."

मी गप्प बसायला हवं होतं. मोठी होते मी.

मी म्हणाले, "हो, हवं होतं. तीन वर्षं मागे उभी राहिलेय. एक दिवस मला मिळाला तर तुझ्या पोटात का दुखतंय?"

तिने वही मिटली. खिशात घातली. आणि पडद्यामागे निघून गेली.

मी तिच्या मागे गेले नाही.

चारला सराव सुरू झाला. गाण्याचा मधला भाग आला. सगळे गप्प झाले. मी तोंड उघडलं...

आणि वरून कुणीतरी गायला लागलं.

तेच गाणं. तीच जागा.

धाकटीचा आवाज.

सर वर बघत राहिले. मग म्हणाले, "वेडी आहे का ही? घसा कायमचा जाईल. अगं, जा, गप्प कर तिला."

मी तरातरा जिना चढले. रागाने माझे कान तापले होते. मला मिळालेलं एक मिनिटसुद्धा तिला बघवत नव्हतं, असंच मला वाटलं.

बोळात दिवा नव्हता. आवाज तिसऱ्या खोलीतून येत होता. मी काचेतून पाहिलं.

पियानो. स्टूल.

कुणी नाही.

आवाज पाचवीतून यायला लागला. मी धावले. पाचवीत कुणी नाही. मग सातवीतून. मी दार ढकलून आत गेले, पियानोच्या मागे वाकून पाहिलं.

आता आवाज बोळाच्या त्या टोकाकडून येत होता... मी नुकतीच जिथून आले होते तिथून.

"पुरे झालं हं," मी मोठ्याने म्हणाले. "खाली ये."

गाणं चालूच राहिलं.

मी खाली आले. तिची बॅग खुर्चीवर होती. कोट खुर्चीवर. फोन कोटाच्या खिशात. पुढच्या दाराशी हॉलवाल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. बाहेर कुणी गेलेलं नाही.

मी सरांना म्हणाले, "सर, ती सापडत नाहीये."

सर माइकच्या वायरी बघत होते. "आवाज येतोय ना? मग आहे इथेच. रुसलीये."

ग्रुपमधला सर्वांत जाड आवाजाचा मुलगा, त्याला आम्ही बुवा म्हणायचो, तो म्हणाला, "भूक लागली की येईल खाली. तू कशाला जीव टाकतेस?"

सगळ्यांचं तेच. आवाज येतोय म्हणजे पोरगी ठीक आहे. चिंता कशाची करायची? उलट दोघी-तिघी तर डोळे मिटून ऐकत बसल्या होत्या. इतकं सुंदर ती कधीच गायली नव्हती.

कुणीही तिला शोधत नव्हतं.

तिकडे साडेचारलाच अंधार पडायचा. खिडक्या काळ्या झाल्या. मी पुन्हा वर गेले. आठही खोल्या पाहिल्या. बाथरूम पाहिलं. लाइटवाल्याची खोली पाहिली. पडद्यामागची पेटारी उघडून पाहिली. दोन वेळा. तीन वेळा. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं.

गाणं थांबत नव्हतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

पाच वाजून गेले. मी जिन्याच्या पायरीवर बसले. डोकं भिंतीला टेकलं. आणि पहिल्यांदाच ते गाणं नीट ऐकलं.

लांब ओळ आली.

मी नकळत तो तुटणारा शब्द ओठांत धरला...

शब्द तुटला नाही.

ओळ अख्खी गेली. तिच्या पुढची ओळही. आणि तिच्याही पुढची.

मी कान देऊन बसले. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. दोन ओळींच्या मध्ये, कडव्यांच्या मध्ये, कुठेच...

जे कुणी गात होतं, ते श्वासच घेत नव्हतं.

त्याच क्षणी मला दुसरी गोष्ट कळली, आणि ती जास्त भयंकर होती.

धाकटीला आवाजच नव्हता. ती कुठे अडकली असेल तर हाक मारू शकत नव्हती. पाऊण तास, तास, सव्वा तास आम्ही एका आवाजाच्या भरवशावर बसलो होतो, आणि तो तिचा नव्हता. ती जिथे असेल तिथून काहीच ऐकू येणार नव्हतं.

मग तिला शोधायचं तर आवाज जिथे नाही तिथे शोधायला हवं.

मी हॉलवाल्या बाईंकडे धावले. "खाली काय आहे? तळघरात?"

"काही नाही. सामान. बंद." मग त्या वर बोट दाखवून हसल्या. "तुमची मुलगी छान गाते."

मी त्यांच्या हातातली विजेरी जवळजवळ हिसकावली.

जिन्याशी आले. एक पायरी खाली उतरले.

वरचं गाणं थांबलं.

इतका वेळ ते थांबावं म्हणून जीव जात होता. थांबलं तेव्हा मला रडू आलं.

मग वरून हाक आली.

"ताई..."

धाकटीचा आवाज. लहानपणी ताप आला की ती अशी हाक मारायची.

"ताई, मी इथे आहे. वर ये ना."

मी कठडा घट्ट धरला. तीच असली तर? घसा खरंच बरा झाला असला तर? ती वर एकटी घाबरून बसली असेल आणि मी तिला सोडून अंधारात उतरत असेन तर? मी वरच्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा.

"ताई, मला श्वास घेता येत नाहीये."

हे वाक्य सरळ आलं. न थांबता. न अडखळता.

मी खाली पळत सुटले.

हाका माझ्या पाठोपाठ येत होत्या. प्रत्येक वळणावर जवळ. शेवटच्या पायऱ्यांवर तर त्या मानेमागे आल्या. मी वळून पाहिलं नाही.

तळघरात घडीच्या खुर्च्यांची चळत होती. तिच्या पलीकडे एक जाड दार. वरपासून खालपर्यंत गादीसारखं मऊ आवरण ठोकलेलं. पूर्वी तिथे गाणी ध्वनिमुद्रित करायचे, हे आम्हाला नंतर कळलं. बाहेरून लोखंडी कडी पडलेली.

मी दाराला कान लावला. काहीच नाही.

हाका मारल्या. काहीच नाही.

मग मी दोन्ही तळवे दारावर टेकवले.

आतून काहीतरी लागत होतं. ऐकू येत नव्हतं, फक्त हाताला कळत होतं. अगदी हलकं. थांबून थांबून.

मी कडी उचलली.

धाकटी दाराला टेकून बसली होती. दार उघडताच माझ्या पायांवर कोसळली. ओठ निळे. गळ्यातून शिट्टीसारखा आवाज. हातांची नखं तुटलेली, दाराच्या आतल्या आवरणावर रक्ताचे ओघळ.

आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

ती सुटका झालेल्या माणसाची नजर नव्हती.

तिला मिठीत धरून मी ओरडत होते. तेव्हा एवढंच लक्षात आलं की माझ्या मागच्या हाका थांबल्या होत्या. बुवा धावत आला. त्याने तिला पोत्यासारखं खांद्यावर घेतलं. हॉलच्या साउंडवाल्याच्या गाडीतून आम्ही हॉस्पिटल गाठलं. तिथला डॉक्टर म्हणाला, अजून अर्धा तास गेला असता तर मी काही करू शकलो नसतो.

आठ वाजता तिला जरा बरं वाटलं. नाकाला नळी होती. तिने खूण करून वही मागितली. बोटांना पट्ट्या होत्या, अक्षरं वाकडी आली.

आधी तिने लिहिलं की आवाज निघतो का ते कुणाला न कळता बघायचं होतं, म्हणून ती त्या खोलीत गेली. दार आपोआप लागलं. दिव्याचं बटण बाहेर होतं.

मग पान उलटलं.

"तू दाराबाहेर उभी राहून का गात होतीस?"

तिने पुढे लिहिलं.

"मी दार बडवत होते. तू गातच होतीस. माझं गाणं. उघडत का नव्हतीस?"

"अगं, मी नव्हते. मी तर तुला शोधत होते."

तिने वही पुन्हा ओढली.

"तुझा आवाज मला ओळखता येत नाही का?"

त्या रात्री मी स्वतःला समजावलं. घाबरलेली होती, प्राणवायू कमी पडत होता, भास झाला असेल. पण आम्हा बाकीच्या चौदा जणांना जे ऐकू आलं ते? तो कसला भास?

सकाळी मी बुवाला घेऊन हॉलवर गेले. मला एकच गोष्ट बघायची होती. दाराबाहेर गाणारं कुणी तिला ऐकू येऊ शकतं का.

मी आत उभी राहिले. बुवाने दार लावलं. पाच मिनिटांनी उघडायचं ठरलं. तोपर्यंत त्याने दाराला तोंड लावून जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडायचं होतं. बुवाचा आवाज म्हणजे वर्गाच्या खिडक्या थरथरायच्या.

मला काहीही ऐकू आलं नाही.

एक शब्द नाही. कुजबुज नाही.

चार पावलं लांब, चार पावलं रुंद खोली. डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा अंधार. तिथे उभं राहून मला हळूहळू उमगलं. बाहेरचं काहीच आत येत नाही. मग धाकटीने ऐकलेलं गाणं बाहेर नव्हतंच.

ते आत होतं. तिच्याबरोबर. दोन तास.

तीन मिनिटं झाली असतील. चौथ्या मिनिटाचं मी बुवाला सांगितलेलं नाही, आणि इथेही सगळं सांगणार नाही. एवढंच लिहिते, की मी ओठ घट्ट मिटून उभी होते, आणि खोलीत शांतता नव्हती.

दार उघडलं तेव्हा बुवा हसत होता. घसा चोळत म्हणाला, "ऐकू आलं?" मी त्याला बाजूला ढकलून वर पळाले.

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा ठरवलं होतं, धाकटीला सगळं सांगायचं. माझ्यावरचा आळ काढून टाकायचा.

ती पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नर्सने सांगितलं, रात्रभर दिवा मालवू दिला नाही. मला बघताच तिने वही पुढे केली. पान आधीच लिहून ठेवलेलं होतं. किती वेळा खोडलं होतं, किती वेळा पुन्हा लिहिलं होतं.

"खरं सांग. तू नव्हतीस, तर कोण होतं?"

तिचे हात इतके कापत होते की वही हलत होती.

मी पलंगाच्या कडेला बसले. काय सांगायचं होतं ते जिभेवर होतं.

"मीच होते," मी म्हणाले. "मला राग आला होता. तू दार बडवतेयस हे मला कळलं नाही. दाराबाहेर मीच होते."

ती बघत राहिली. मग तिचे हात कापायचे थांबले. तिने ते पान फाडलं, त्याची घडी केली, माझ्या मांडीवर ठेवलं. आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

चोवीस तासांत पहिल्यांदा झोपली.

आम्ही दोघी तिथूनच घरी परतलो. आठवड्याने तिचा आवाज आला. माझ्याशी बोलायला मात्र तिला वर्ष लागलं, तेही आईसमोर, कामापुरतं. तिने आईला कधी काही सांगितलं नाही. मीही नाही. आईला वाटतं, एका गाण्यावरून दोघींचं बिनसलं. तसं पाहिलं तर खरंच आहे.

धाकटी पुन्हा गायली नाही. मीही नाही.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. एरवी ती निरोप पाठवते, फोन करत नाही. मुलीची शाळा, नवऱ्याची बदली, असं इकडचं तिकडचं बोलली.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"तो आवाज मला डाव्या कानात जास्त येत होता. दार उजवीकडे होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू बाहेरच होतीस ना?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. बाहेरच होते मी."

ती हळूच म्हणाली, "बरं. मग ठीक आहे."

नऊ वर्षांत तिने माझं इतक्या चटकन काहीच मान्य केलं नव्हतं. मला कळलं की तिलाही सगळं माहीत आहे. बहुतेक पहिल्या दिवसापासून. ती फक्त माझ्याकडून पुन्हा ऐकून घेत होती.

ती पुन्हा विचारेल. मी पुन्हा हेच सांगेन.

पण फोन ठेवल्यापासून मला झोप लागत नाही. चौथ्या मिनिटाला मी जे ऐकलं तेही डाव्या कानाशीच होतं, आणि ते गाणं नव्हतं. ते धाकटीच्या आवाजात माझं नाव विचारत होतं.

आणि मी ओठ घट्ट मिटले होते, एवढंच मला आठवतं. मनातल्या मनात उत्तर दिलं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.